तुमचं कोन हाय हितं?

खराट्याचा आवाज थांबला म्हणून मी मान वर केली. रविवारची सकाळ, आठ वाजायला आलेले. कोल्हापूर शहरातल्या ख्रिश्चन दफनभूमीत, पोलंडच्या माणसांच्या कबरी आहेत त्या भागात, मी उकिडवी बसून एका दगडावर बाटलीतलं पाणी ओतत होते. मार्गशीर्षातलं ऊन तिरपं पडलेलं, आणि ओल्या दगडावरची अक्षरं हळूहळू वर येत होती. कोरडा असताना गप्प असलेला दगड पाणी पडल्यावर बोलायला लागतो, ते बघण्यात मी इतकी गुंतले होते की झाडलोट करणाऱ्या मावशी कधी शेजारी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. डोक्यावर पदर, पदराचं टोक दातात धरलेलं, पायाशी वाळक्या पानांचा ढीग. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमचं कोन हाय हितं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"आसं व्हय," म्हणून त्या पुन्हा झाडायला लागल्या. त्यात ना टोमणा होता ना आश्चर्य. मी मात्र तिथून निघाले ती ते दोन शब्द बरोबर घेऊनच. पतसंस्थेत काउंटरवर बसून पासबुकं भरताना, रात्री भाकरी थापताना, आठवडाभर ते माझे मलाच ऐकू येत राहिले. कुणी नाही. एखाद्याच्या दारात उभं राहून त्याला ओळखत नाही म्हणावं, तसं काहीतरी माझ्या हातून झालं होतं. आपल्याकडं माणसाची ओळख त्याच्या नावावरून लागत नाही, 'कुणाचा' यावरून लागते. लहानपणी पेठेतून जाताना कट्ट्यावरची म्हातारी हमखास थांबवायची. "कुणाची गं तू?" आण्णांचं नाव सांगितलं की मग पुढचं बोलणं. मावशींनी विचारलं ते तेच. ज्याचं कुणी नाही तो अशा जागी येईलच कशाला?

मी येते, आणि बरीच वर्षं येते. शनिवारी पतसंस्था सुटली की भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन पुस्तक बदलायचं, आणि रविवारी उन्हं चढायच्या आत कुठल्या तरी जुन्या जागी जायचं, हा माझा नेम. पिशवीत पाण्याची बाटली, सुती फडकं, पेन्सिल, वही आणि चालू असलेलं पुस्तक. कधी पंचगंगा घाटावरच्या छत्रपतींच्या समाध्या, कधी पन्हाळा, कधी करवीर तालुक्यातलंच एखादं गाव. त्यातल्याच बीड गावी मी तीनदा गेलेय, तिथल्या वीरगळांसाठी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांसाठी. वीरगळावर बहुधा अक्षर नसतं, तरी तो वाचता येतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढं बसलेला तो, आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. जोवर ते आहेत तोवर याची आठवण राहो, एवढंच त्या दगडाचं मागणं. नाव मात्र नाही. गावातल्या लोकांना ते माहीतच होतं, मग कोरायचं कशाला? आणि बघता बघता ती माहिती असणारी सगळी माणसं गेली. एका वीरगळाच्या कडेला कुणीतरी कपडे वाळत घातले होते. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. लहान मुलाचं झबलं होतं ते, त्या घोडेस्वाराच्या अंगावर वाऱ्यानं हलणारं.

घरी याला 'मसणात जाणं' म्हणतात. सासूबाई होत्या तोवर मी परत आले की उंबऱ्याबाहेर पायावर पाणी घेतल्याशिवाय आत येऊ द्यायच्या नाहीत. मीही कधी वाद घातला नाही. त्यांच्या भीतीत माझ्यावरची माया होती. पण बाईमाणसानं अशा ठिकाणी जाऊ नये हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही फाटकातून आत पाऊल टाकताना छातीत बारीकसं काही हलतं. एकदा तर मी खरोखरच लाजले. वही घेऊन एका कबरीवरची तारीख उतरवून घेत होते, आणि मागं वळून बघते तर चार माणसांचं एक कुटुंब हातात फुलं घेऊन माझं संपायची वाट बघत उभं. त्यांची आई तिथं होती. त्यांच्यासाठी ती आई, आणि मी तिचं साल लिहून घेत होते. त्यानंतर कितीतरी रविवार मी घरीच काढले.

हे वेड आण्णांचं. ते शाहू मिलमध्ये कामाला होते. अंगाला कापसाचा आणि तेलाचा मिळून एक वास असायचा, आणि सायकलच्या कॅरिअरला कायम वाचनालयाचं एक पुस्तक, वर्तमानपत्रात गुंडाळून. शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचायला बसले की हलायचे नाहीत. स्वतः विकत घेतलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ते एक ओळ लिहायचे. 'वाचून संपले. रंकाळा, राजघाट. ३ मे १९८७.' 'वाचून संपले. पन्हाळा, तबक बाग.' 'वाचून संपले. मिल, जेवणाची सुट्टी.' वाचनालयाच्या पुस्तकावर कधी एक टिंबही नाही. ते सगळ्यांचं असतं, म्हणायचे. मला ते पन्हाळ्यावर न्यायचे ते सज्जाकोठी दाखवायला नव्हे, रामचंद्रपंत अमात्यांच्या समाधीपाशी. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, पण पंतांकडं फारसं कुणी वळत नाही. किती तरी वर्षं ती समाधी दगडमातीच्या ढिगाखाली होती. आण्णा तिथं बसून मला पंतांच्या आज्ञापत्रातलं, राज्यकारभारावरच्या त्या ग्रंथातलं, झाडांचं प्रकरण त्यांच्या शब्दांत सांगायचे. आरमारासाठी लाकूड लागतं, पण आंबा-फणसाला हात लावायचा नाही, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी जपून वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही. "तीनशे वर्सांमागं लिवलंय ह्या मानसानं," असं म्हणत ते समाधीच्या दगडावर, एखाद्या वडीलधाऱ्याच्या गुडघ्यावर ठेवावा तसा, हात ठेवायचे.

त्यांनी मला दिलेली दुसरी गोष्ट राजाराम महाराजांची. दुसरे राजाराम, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते. १८५० साली जन्मलेले. करवीर नगर वाचन मंदिराची सुरुवातही १८५०चीच, आणि आण्णांना याचा कोण आनंद! "राजा आनि लायब्ररी एका वयाची," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. १८७० मध्ये हा विशीतला राजा युरोपला गेला, इंग्लंडमध्ये राहिला, राणी व्हिक्टोरियाला भेटला, आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबरला इटलीत फ्लॉरेन्समध्ये वारला. तिथं तेव्हा दहनाची चाल नव्हती. खास परवानगी काढून शहराबाहेर आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्याची चिता रचली. पुढं १८७४ मध्ये तिथं दगडी छत्री उभी राहिली, आत त्याचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. आपला टाउन हॉल आणि न्यू पॅलेस ज्यानं बांधला तोच हा. शंभर वर्षांनी जवळच मोठा पूल झाला, त्यालाही याच्याचवरून नाव पडलं. पोंते आल्ल इंडियानो. त्या हिंदी माणसाचा पूल. गावाला नाव आठवलं नाही, पण माणूस विसरला नाही.

प्रवासात तो रोजनिशी लिहायचा, इंग्रजीतून. त्याच्या बरोबर गेलेल्या कॅप्टन वेस्टनं ती संपादून १८७२ मध्ये लंडनला छापली. आण्णांना ती वाचायची होती, पण इंग्रजी यायचं नाही. ते गेल्यावर काही वर्षांनी मी तिची प्रत मिळवली, झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल करून आणली, आणि डिक्शनरी शेजारी ठेवून सावकाश वाचायला घेतली. रोज दोन पानं. आज कुणाला भेटलो, काय पाहिलं, हवा कशी होती. कामाचं टिपण ठेवावं तशी साधी वाक्यं. उद्या काय वाढून ठेवलंय हे त्याला माहीत नाही, मला माहीत आहे. उजव्या हाताला उरलेली पानं रोज कमी होताना दिसायची आणि माझा वेग आपोआप मंदावायचा. शेवटी शेवटी तर दोनाचं एक पान झालं.

संगमाची ती गोष्ट आण्णा नेहमी प्रयाग चिखलीला सांगायचे. माघात ते आम्हाला पहाटे अंघोळीला तिथं न्यायचे. अंधारात थंडगार पाणी, दातावर दात, आणि नदीवर धुक्याची साय. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा चार नद्यांचं पाणी, पाचवी सरस्वती गुप्त. आण्णा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून म्हणायचे, "राजाला बी संगमच गावला बघ. मुलूख परका, पर संगम गावला." ताराराणींचंही तसंच. कोल्हापूरची गादी उभी करणारी ही बाई १७६१ साली साताऱ्यात वारली आणि तिची समाधी संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठावर. कावळा नाक्यावर मागच्या पायांवर उठलेल्या घोड्यावर ती बसलीय, तिच्याखालून दिवसभर एसट्या आणि ट्रक जातात. माहुलीच्या घाटावर मी गेले तेव्हा पुराचा गाळ होता आणि तिचा दगड शोधायला मला दोघांना विचारावं लागलं. चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात गेले, १८८३ मध्ये, इंग्रजांच्या कैदेत, वीस-एकवीस वर्षांचे. शाहू महाराज ६ मे १९२२ ला मुंबईत. त्यांना मात्र माणसांनी घरी आणलं, पंचगंगेवर. माझ्या वहीत एक पान आहे, त्यावर नुसती अशी घराबाहेर गेलेल्यांची यादी आहे.

आणि म्हणूनच मी पोलंडच्या कबरींपाशी जायला लागले. यादीचं दुसरं पान म्हणून.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकिकत इथल्या जुन्या माणसांना ऐकून माहीत असते. दुसऱ्या महायुद्धात रशियानं ज्यांना घरांतून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं, त्यांतले वाचलेले लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत जवळजवळ पाच हजार पोलिश राहिले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. ते गेले आणि फाळणीत घर सुटलेले सिंधी लोक त्याच बराकींत आले. तेच आजचं गांधीनगर. मी दिवाळीला तिथं पडद्याचं कापड घ्यायला जाते तेव्हा दुकानातल्या त्या उजेडात, मीटरनं कापड फाडल्याच्या आवाजात, इथं कुणीतरी आधी आपला संसार मांडला होता हे आठवून माझा भाव करण्यातला जोर जातो. बर्फाच्या मुलखातून निघालेल्या त्या बायकांनी इथला वळीव पहिल्यांदा बघितला असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? आणि जी इथंच राहिली, तिला जाताना बाहेर कुठला पक्षी ऐकू येत होता? त्यांच्या देशाची माणसं येऊन कबरी दुरुस्त करून गेलीत, महावीर गार्डनमध्ये स्मारकही आहे. त्यांनी विसरू दिलेलं नाही. तरी रोजचं पान कुणाच्या तरी खराट्यानंच हलतं.

आण्णा २०१६ च्या मार्चमध्ये गेले. होळी नुकतीच झाली होती. होळी लहान करून लोकांनी दान केलेल्या शेणी स्मशानभूमीत रचून ठेवलेल्या, त्यांतल्याच त्यांना मिळाल्या. कोल्हापुरात अंत्यसंस्काराचे पैसे पडत नाहीत हे मला आधीपासून माहीत होतं, पण कुणा अनोळखी गल्लीतल्या पोरांनी हातगाडी भरून आणलेल्या शेणीवर माझा बाप गेला हे त्या दिवशी कळलं. मी तिथं नव्हते. भाऊ गेला, पुरुष गेले, आम्ही बायका जिन्यात बसून होतो. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला मी गेले. दहनाच्या बेडवर राख होती, कडेनं थोडी ऊबही होती. दूध शिंपडलं, त्यांना आवडायची ती भजी आणि चहा ठेवला, राख भरून घेतली आणि नदीत सोडली. कुणीतरी बादलीनं तो बेड धुतला. पाणी ओघळून गेलं आणि खाली नुसतं लोखंड आणि सिमेंट. आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा दुसरी माणसं आत येत होती, त्यांच्या खांद्यावर त्यांचं माणूस. पाच मिनिटांत तिथं आण्णा होते याची एक खूण राहिली नाही.

ते योग्यच आहे. नदीकाठच्या गावात इतकी माणसं जाणार, प्रत्येकाला दगड कुठून आणायचा? आण्णांनाही दगड नकोच असता. मला हे सगळं पटतं. तरी त्या वर्षापासून माझे रविवार वाढले, हेही खरं. आधी मी महिन्यातून एकदा जायची, मग दर आठवड्याला. घाटावर छत्रपतींच्या समाध्यांच्या पायऱ्यांवर पुस्तक घेऊन बसलं की समोरून तेच पाणी जात असतं. २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ४३ फुटांना धोका, आणि हे ५५. समाध्या पाण्याखाली गेल्या. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा कोनाड्यात जलपर्णी अडकलेली, देवळीत गाळ बसलेला, आणि सगळ्या घाटाला एक कुबट, ओला, आंबूस वास. मी हातानं एका पायरीवरचा गाळ काढत बसले. तो गाळ कुठून आला असेल आणि त्यात काय काय असेल याचा विचार मनात आला, मग मी हात धुतले नाहीत बराच वेळ.

मावशींच्या प्रश्नानंतर दोन रविवार मी दफनभूमीकडं फिरकले नाही. टाउन हॉलच्या संग्रहालयात गेले, ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला तो रोमन समुद्रदेव बघायला. वीतभरही नाही, काशाचा, एक हात उंचावलेला. दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्या समुद्रावरून, कुणाच्या गाठोड्यातून तो या नदीकाठी आला, आणि ज्यानं आणला तो परत गेला की इथंच मातीला मिळाला? काचेवर माझा श्वास जमला. रखवालदार लांबून बघत होता, पण त्यानं काही विचारलं नाही. त्यानं विचारावं असं मला वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी गेले. पौषातली थंडी, गवतावर दव, सलवारीचे पाय घोट्यापर्यंत भिजले. रोजनिशीची शेवटची तीन पानं राहिली होती, ती तिथंच बसून वाचली. नोंदी संपतात आणि पुढं दुसऱ्याच माणसानं लिहिलेलं सुरू होतं. मागच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलनं लिहिलं, 'वाचून संपले', आणि जागा लिहायला थांबले. या ठिकाणाला काय म्हणायचं ते पटकन सुचेना.

"आज बी आलासा," मावशी म्हणाल्या. आज खराटा भिंतीला टेकवून त्या माझ्या शेजारी खालीच बसल्या. गुडघे कुरकुरले. थोडा वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग त्यांनी दगडाकडं बोट केलं. "लई वर्सं झाडतीया मी ह्ये. कोन कोन हाईत, मला म्हाईत न्हाई. मला वाचाय येत न्हाई. तुमी वाचतासा न्हवं? काय लिवलंय?"

मी पाणी ओतलं. अक्षरं इंग्रजीसारखीच, पण शब्द माझ्या तोंडात बसेना. एका अक्षराच्या पोटातून तिरकी रेघ गेलेली, दोन-दोन व्यंजनं एकमेकांना चिकटलेली, 'झेड' तर जागोजाग. मी अडखळत एक एक अक्षर जोडलं, चुकले, पुन्हा मागून घेतलं. मला वाचता येतं असं मी कायम समजत आलेय, आणि त्या दगडासमोर मी पहिलीतल्या मुलीसारखी बोट ठेवून वाचत होते. शेवटचा '-स्का' तेवढा नीट आला. "बाई आहे," मी म्हणाले. "स्का आला की बाई."

"स्का," मावशींनी म्हणून बघितलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "स्का. आनि किती वर्साची?"

मी मनात वजाबाकी केली. "सात."

त्या काही बोलल्या नाहीत. पदरानं दगडाची कड पुसली, जिथं शेवाळ होतं तिथं नखानं खरवडलं. मग माझ्या हातातली बाटली घेतली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि शेजारच्या दगडावर पाणी ओतलं.

"आता ह्यो वाचा," त्या म्हणाल्या.